बकुळाबाईंनी काय सोडलं

हिंदी मुलखातल्या सीपरी बाजारात बकुळाबाईंच्या हातचं ब्लाउज अंगात चढवलं की बायका आरशापुढून हलत नसत. मध्ये संधिवातानं बोटं पार आखडली, मशीन बंद पडलं. मग आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी सुरू झाली आणि बाई पुन्हा शिवायला बसल्या. त्या गोळीचे उपकार काय सांगावेत! कितीतरी वर्षं त्यांनी ती प्रसादासारखी घेतली.

अन् एके दिवशी मानेवर गाठ आली. तुकडा काढून तपासला, तर कॅन्सर! नवरा जयसिंगराव, रेल्वेतून रिटायर झालेला भारी आवाजाचा माणूस, तोच रिपोर्ट पुन्हा पुन्हा वाचत राहिला. कीमोच्या आधी अजून काही तपासण्या व्हायच्या होत्या.

तेवढ्यात आषाढी एकादशी आली. चातुर्मासात काहीतरी खायचं सोडायचं, हा बाईंचा दरवर्षीचा नेम.

"यंदाही वांगंच का?" जयसिंगराव करवादले. "तुला ते आवडतच नाही. देव काय खुळा आहे?"

बोलणं बाईंच्या जिव्हारी लागलं. ज्यावाचून आपलं अडतं तेच सोडायचं, असं ठरवून त्यांनी गुपचूप ती गोळीच सोडली. आता या बाईला काय म्हणावं! बोटं सुजली, पेला धरवेना. दुखणं वाढलं म्हणून घरचे हवालदिल झाले.

पुढच्या तपासणीला कॅन्सरच्या डॉक्टरीणबाईंनी मान चाचपली, पुन्हा चाचपली. "अम्माजी, गाँठ तो घटकर आधी रह गई! आपने किया क्या?"

बाईंनी खाली बघत सगळं सांगितलं. "अगं, जीव गेला असता ना!" जयसिंगराव कडाडले.

डॉक्टरीणबाई मात्र थक्क होऊन खुर्चीत टेकल्या. ही गोळी शरीराची राखण ढिली करते, त्यामुळे क्वचित, अगदी क्वचित अशी गाठ उगवते. आणि गोळी थांबवली की काहींची आपसूक विरते. "किताब में पढ़ा था जी, देखा आज." मग त्यांनी चांगलंच दटावलं. सगळ्यांचं असं होत नाही, पुन्हा न विचारता दवा सोडायची नाही. ती गोळी कायमची बंद झाली, कीमो लांबणीवर टाकून वाट बघायचं ठरलं.

जयसिंगराव रोज सकाळी गाठीला बोट लावून बघायचे. एका सकाळी बोट मानेवर नुसतंच फिरत राहिलं.

"कुठंय गं?"

"नाहीच ती आता."

कॅन्सर, आणि असा विरघळून गेला! जन्मात देवापुढे हात न जोडलेला तो माणूस दारातच, रस्त्यावरच्या लोकांदेखत हमसून रडला. बाईंनी त्यांचे डोळे पुसायला हात उचलला, पण बोटं उघडेनात. मग मनगटानंच पुसले.