गोफणवाले आबा आणि म्हातारा सूर्य

गोफणवाल्या आबांच्या मळ्यात वांगी घ्यायला गेलं की वांग्यांआधी प्रश्न पदरात पडायचा. "काय वं पोरी, चंद्र आपल्या अंगावर काहून पडत नाई?" उत्तर दिलं तरी सुटका नसे. "मंग?" म्हणून ते पुढचा प्रश्न काढत. चौथीतून शाळा सोडलेल्या, केनवडच्या बाजारात भाजी विकणाऱ्या या माणसामुळे मी भौतिकशास्त्र घेतलं. वाशीमच्या कॉलेजात शिकवायला लागल्यावर मात्र हे मी कुणाला सांगत नसे. सांगायला काय धाड भरली होती, देव जाणे.

पाखरं हाकायची गोफण कायम त्यांच्या खांद्यावर असे. आकाशातलं सगळं ते तिच्यावरच समजावून देत. मूठ म्हणजे सूर्य, दगड म्हणजे पृथ्वी. एकदा गरगर फिरवता फिरवता त्यांनी दोरी बोटांतून हळूच सैल सोडली आणि दगडाचा घेर वाढला. "पाह्य, पकड ढिली झाली का थो दूर जाते," म्हणाले.

मग गावच्या शाळेनं विज्ञान दिनाला मला पाहुणी म्हणून बोलावलं. सूर्य म्हातारा होईल, फुगून राक्षसी तारा होईल आणि बुध, शुक्र, पृथ्वी गिळून टाकेल, असं मी ठसक्यात सांगितलं. मागे गावकऱ्यांच्या ओळीतून आबांचा हात वर झाला.

"पन पोरी, फुगता फुगता सूर्याचं अंग झडत असन ना? मंग त्याची पकड ढिली होईन. पृथ्वी दूर सरकली त वाचन का नाई?"

मला उत्तर येत नव्हतं. तसं कबूल करायची लाज वाटली, म्हणून म्हणाले, "आबा, हे विश्व आहे, तुमची गोफण नाही." सगळी शाळा हसली. आबाही हसले आणि खाली बसले.

पुढच्या वर्षी शिकवण्याची तयारी करताना वाचलं, तारा फुगताना स्वतःचं वस्तुमान गमावतो, त्याची ओढ कमी होते आणि ग्रह दूर सरकतात. राक्षसी ताऱ्यांभोवती तगून राहिलेले ग्रह सापडलेही आहेत. पृथ्वीचं काय होईल, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. म्हणजे आबांनी अगदी नेमकं विचारलं होतं.

तशीच मळ्यात गेले. आबा शाळेतल्या चार पोरींना सांगत होते, "पृथ्वी काई वाचत नाई. मले वाटे वाचन, पन आपल्या मॅडमनं चूक काढून देल्ली." पोरीची मी मॅडम झाले होते. त्या चौघींदेखत माझी जीभ उचलली नाही. दोन किलो वांगी घेतली. आबांनी त्या दिवशी एकही प्रश्न विचारला नाही. पुढच्या खेपेला सांगू, असं म्हणत मी परत आले.

त्या हिवाळ्यात आबा गेले. तेरवीला मी आबांच्या बायकोला, आजींना, सगळं सांगितलं. आबा बरोबर होते, चूक माझी होती, म्हटलं. त्या पदर सावरत म्हणाल्या, "खाटेवर पडल्या पडल्या बी थेच घोकत होते वं माय. म्हनत, मॅडमले एकडाव पुन्हा इचारा लागते, पन तिले राग येईन."

मग त्यांनी मला पंगतीत बसवलं. मी बसले, जेवलेही.