फळ्यावरचा पाळणा

आमच्या इमारतीत जिन्याखाली, टपालपेट्यांच्या वर, एक फळा आहे. पाणी कधी येणार नाही, सत्यनारायण कधी आहे, एवढंच त्यावर असायचं. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी तो फळा ताब्यात घेतला. कुणी दिला नाही, मी घेतला. चौतीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या बाईच्या हातातून खडू काढून घ्यायची आमच्या डोंबिवलीत कुणाची टाप नव्हती.

कारण घडलं ते मागच्या गल्लीत. तिथली एक इमारत पालिकेने धोकादायक ठरवून रिकामी केली. गाद्या, मिक्सर, तुळशीची कुंडी घेऊन रस्त्यात उभी राहिलेली माणसं मी पाहिली आणि माझं डोकं फिरलं. कणव कमी, राग जास्त. आमच्या लोकांना इमारत म्हणजे बाहेरचा रंग. गणपतीच्या आधी भेगांत पांढरं सिमेंट भरायचं, वरून मोतिया रंग फासायचा, की सगळे निश्चिंत. मी फळ्यावर लिहू लागले. गच्चीवर पाणी साचू देऊ नका. भिंतीतला पिंपळ लहान असतानाच काढा. खांबाला हात लावायच्या आधी इंजिनिअरला विचारा. सेक्रेटरी म्हणाले, "बाई, मधूनमधून एखादा सुविचारही लिहा की." दुसऱ्या दिवशी मी लिहिलं, 'ढिगाऱ्याखाली सुविचार वाचता येत नाही.' तेव्हापासून ते मला जिन्यात टाळायला लागले.

माझा खरा राग होता तळमजल्यावर. मी पहिल्या मजल्यावर, आणि बरोबर माझ्या खाली जागामालक. ही इमारत त्यांच्या वडिलांच्या शेतावर उभी आहे, त्या बदल्यात त्यांना खालची घरं मिळाली. माणूस दारात खुर्ची टाकून बसतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडे असं बघतो, जणू आम्ही सगळे त्याच्या बांधावरून चाललोय. मुलाच्या लग्नाच्या वेळी त्यांनी मधली भिंत पाडून हॉल मोठा केला होता. मी तेव्हाच तक्रार केली होती, ती कुणी ऐकली नव्हती. आता त्यांच्या हॉलच्या कोपऱ्यात, खांब छताला भिडतो तिथे, भेग पडली. मी खाली जाऊन ती पाहिली आणि खरं सांगते, मला आनंद झाला.

"भिंती पाडायच्या आणि मग भेगा मोजत बसायचं," मी म्हटलं.

"आमचे बापानी या जाग्यावं भात लावला, बाई. तवा काय परला नाय."

"भाताला खांब नसतात."

ते खुर्चीतून उठले नाहीत. कोपऱ्यात, त्या भेगेच्या खालीच, त्यांच्या नातीचा पाळणा होता. मी वर आले नाही, थेट फळ्याकडे गेले. ठळक अक्षरांत लिहिलं, 'खांब कोणी दुबळा केला? ज्याने भिंत पाडली त्याने निदान स्वतःच्या नातीच्या पाळण्याकडे तरी बघावं.' सगळी इमारत वाचून गेली. त्यांची सूनही वाचून गेली, बाळ कडेवर होतं. मी पुसलं नाही.

त्या ओरड्याने एक झालं, सोसायटीने तपासणीला इंजिनिअर बोलावली. पंचविशीतली मुलगी, हातात छोटी हातोडी. तळमजल्यावर ती तासभर होती. वर येऊन म्हणाली, "काकू, खालची पाडलेली भिंत नुसती विटांची होती. तिच्यावर भार नव्हता. खांबात वरून ओल उतरतेय. तुमच्याकडचा कोपरा बघायचाय."

माझ्या घरात त्या कोपऱ्यात देवघर आहे.

"तिथे नको," मी म्हणाले. "आमच्याकडे सोवळं असतं."

ग्रहणात जेवा, काही होत नाही, असं वर्गाला सांगणारी मी. घरात कांदा-लसणाचा सुद्धा विधिनिषेध नाही. मुलीने माझ्याकडे पाहिलं, वहीत काहीतरी टिपलं आणि गेली.

मला माहीत होतं. विसरले होते असं म्हणायची सोय आहे, पण विसरले नव्हते. आम्ही राहायला आलो तेव्हा सासूबाईंना देव ईशान्येलाच हवे होते आणि ईशान्येला हा खांब पुढे आलेला. देव्हारा ठेवला की हॉलमध्ये हातभर यायचा, सोफा बसेना. सासूबाई म्हणाल्या, राहू दे पुढे. सोफ्यासाठी अडून बसले ते मी. मे महिन्याची सुट्टी होती, गवंड्याला मीच बोलावलं. त्याने खांबात चार बोटं खोल कोनाडा खोदला आणि थांबला. म्हणाला, "ताई, सळई दिसायला लागली." मी म्हणाले, "मग टाइल लावून टाका, दिसणार नाही." त्यानंतर रोज सकाळी त्या कोनाड्यात देवांना आंघोळ घातली. ताम्हनातून सांडलेलं पाणी टाइलच्या सांध्यात जिरायचं. मी फडक्याने वरवर पुसायची.

दोन दिवस मी फळ्याकडे फिरकले नाही. तिसऱ्या दिवशी दूध घेऊन येताना खालचं दार उघडं होतं. सून पाळण्याची चादर झटकत होती आणि चादरीतून चुन्याची पूड पडत होती. पाळणा तिथेच होता. त्यांना तो हलवायचं कारण नव्हतं. दोष पाडलेल्या भिंतीचा नाही हे त्यांना कळलं होतं, आणि वरचा माझा कोनाडा त्यांना माहीत नव्हता. मला त्या बाईचा राग आला, बाळाचा आला, चौतीस वर्षांच्या माझ्या खडूचा आला. दारातूनच ओरडून सांगितलं, "पाळणा आतल्या खोलीत न्या. आत्ताच्या आत्ता." मग वर जाऊन त्या इंजिनिअर मुलीला फोन केला.

देव मी स्टीलच्या डब्यात घालून फ्रिजवर ठेवले. टाइल निघाल्या. आतलं सिमेंट ओल्या बिस्किटासारखं बोटांनी चुरत होतं आणि सळईला गंजाचे पापुद्रे सुटले होते. त्याच दिवशी खाली आणि वर लोखंडी टेकू लागले, त्यांच्या हॉलमध्ये आणि माझ्या.

जागामालक वर आले. माझ्या घरी पहिल्यांदाच. कोनाड्यापाशी जाऊन उभे राहिले.

"देवाचे पान्यानी झाला हा?"

"माझ्या," मी म्हणाले. "खांब मी फोडून घेतला."

ते जिना उतरू लागले. मी त्यांच्या मागोमाग खाली उतरले. फळ्यावर माझंच जुनं अक्षर होतं. ते पुसलं आणि लिहिलं, 'खांब तळमजल्यावर नाही, पहिल्या मजल्यावर फोडला गेला होता. देवघरासाठी. घर क्रमांक चार.' खाली सही केली. घर क्रमांक चार माझंच, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

ते खुर्ची ओढून बसले होते. त्यांनी ओठ हलवत सगळं वाचलं. मला वाटलं, आता काहीतरी लागेलसं बोलतील, आणि मी उत्तर तयार ठेवलं. ते शांतपणे म्हणाले, "पालन्याचा पन लिवा. तो रायला."

मी खडू पुन्हा उचलला. सून दारात उभी होती. ती वाचेल एवढ्या मोठ्या अक्षरात मी लिहिलं, 'त्या खांबाखाली पाळणा होता, हे मला माहीत होतं.'