भिकूतात्यांच्या रानाचं आवतण

कोळवणच्या साधनाबाईंना फुकट शिकवायची खोड. रोज संध्याकाळी समाजमंदिरात पंचवीस पोरं गोळा करायच्या. शनिवारी बावधनहून कॉम्प्युटरवाली चार मंडळी गणित-इंग्रजी शिकवायला यायची. सासू साळूबाई बायकांत म्हणायची, आमची सून गावाला शहाणं करतीया आणि घरचं दूध रोज उतू जातंय. म्हणायची तेही सुनेच्या कानावर नेमकं पडेल एवढ्याच आवाजात.

यंदा वर्गाचा सगळा जीव वैभवीवर टांगला होता. बिरू मेंढपाळाची थोरली, दहावीला बसलेली, सराव परीक्षेत गणितात दोनदा गडगडलेली. भात निघालं की बिरूची दीडशे मेंढरं खोऱ्यात येतात. लेंडीखतासाठी शेतकरी आवतण देऊन ती आपल्या खाचरात बसवून घेतात, दोन-तीन दिवस, मग पुढचं रान. आवतणं संपली की बिऱ्हाड घोड्यावर चढतं आणि खोरं सोडतं. वयात आलेली पोर दुसऱ्याच्या घरी ठेवायला बिरू तयार नव्हता. म्हणजे मेंढरं टिकली तरच वैभवी परीक्षेला टिकणार. म्हणून साधना महिनाभर भूमितीच्या जोडीनं रानंही जुळवत होती. आज याच्या पाया पड, उद्या त्याच्या.

गणिताचा पेपर सोमवारी, आणि रानं संपली शुक्रवारी. उरलं फक्त चुलत सासरे भिकूतात्यांचं. तात्या पुण्याला लेकाकडे गेलेले, फोन उचलेनात. इकडे बिरू बिऱ्हाड बांधायला लागला. साधनानं त्याला सांगून टाकलं की तात्यांनी बोलावलंय. आल्यावर पटवू त्यांना, एवढाच बेत. जन्मात मारलेली पहिली थाप, असं ती आजही सांगते. साळूबाईचा आकडा वेगळा आहे.

शनिवारी दुपारी तात्या उगवले ते प्लॉट बघायला आलेल्या पुण्याच्या पार्टीच्या गाडीतूनच. खाचरात दीडशे मेंढरं, लेंड्यांचा सडा आणि पार्टीच्या बाईंचे पांढरे बूट. तात्यांनी चारचौघांत बिरूला विचारलं, कुणाला विचारून घुसलास? साधना धापा टाकत पोचली तेव्हा बिरूनं पागोटं काढून हातात धरलं होतं. तिनं सगळं कबूल केलं.

बिरू ओरडला असता तर बरं झालं असतं.

"बाई, माझ्या बापानं बिनबोलावता कुणाच्या रानात पाय ठिवला न्हाई. तुमी माझ्याकडनं ठिवलात." मग लेकीकडं वळून म्हणाला, "वैभे, घोडं आण."

खाचराच्या कडेला गणितं सोडवत बसलेल्या वैभवीनं वही मिटली आणि उठली.

साधना पळत सुटली ती थेट स्वतःच्या शेतावर. अर्धा एकर, पण त्यात हरभरा उभा, काढायला चार-पाच दिवस अवकाश. आणि रान साळूबाईच्या नावावर. सासू बांधावरच होती. सुनेनं मान खाली घालून थाप सांगितली, रान मागितलं. साळूबाईनं आधी तिचं माहेर काढलं, मग बावधनवाल्यांचं. एवढं झाल्यावर पदर खोचला.

"माझ्या तोंडाकडं काय बघतीस? उपट."

वर्गाची वेळ झालीच होती. फळा राहिला बाजूला, पंचवीस पोरं शेतात उतरली. बिऱ्हाड नदीचा पूल ओलांडायच्या आत रान मोकळं व्हायला हवं होतं. हरभऱ्याच्या पाल्यावरच्या आंबट आंबीनं बोटं चुरचुरत होती. बावधनचे एक इंजिनियर हातमोजे मागत होते, त्यांना पोरांनी आधी पेंढ्या कशा बांधायच्या ते शिकवलं. मधूनच कोणी ओरडून सांगे, घोडं वळणावर आलं. साधना वर बघत नव्हती. तिला दिसत होती ती फक्त मिटलेली वही.

शेवटचा वाफा उरला तशी साळूबाई पुलाकडं चालू लागली. साधना मागं. बिरूनं साधनाकडं पाहिलंही नाही.

"रान तुमचं हाय?"

"माझं. सातबारा आणू?"

"बाईंनी सांगितलं म्हून आलाय?"

"तिचं मी कवा ऐकलंय?" साळूबाई म्हणाली. "मीच बोलावतीया. चार दिवस बसव."

बिरूनं पागोटं नीट केलं आणि पुढची मेंढी वळवली.

दोन दिवस तो साधनाशी बोलला नाही. सोमवारी सकाळी पौडच्या परीक्षा केंद्रावर जायला वैभवी गावच्या ड्रायव्हर कैलासच्या जीपमध्ये बसली. साधना खिडकीतून तिला एक शेवटचं सूत्र विचारत होती, एवढ्यात बिरू जवळ आला.

"पेपर कितीला सुटतो?"

"एकला," साधना म्हणाली.

त्यानं मान हलवली, जीपच्या पुढच्या बाजूला गेला आणि कैलासला तेच पुन्हा विचारलं.