मुकादमांची मोरी

आमच्या खात्यातले मुकादम कुठल्याही रस्त्याची पाहणी सुरू व्हायच्या आधी हातातली पाण्याची बाटली रस्त्यावर उपडी करत आणि उकिडवे बसून पाहत राहत. पाणी इकडे वळलं, तिथे थबकलं, त्या फटीत मुरलं. आम्ही मोजणीचं यंत्र तिपाईवर लावून घाम पुसत असायचो आणि साठीला टेकलेला हा माणूस नागपूरच्या उन्हात, काळी छत्री खांद्याला टेकवून, त्या ओल्या डागाकडे बघत बसलेला असायचा. मी नवीन होते, हसले होते. ते रागावले नाहीत. म्हणाले, "मशीन बरोबरच सांगते, मॅडम. पन आपन विचारतो तेवढंच सांगते. पानी न विचारता सांगते."

मुकादम म्हणजे रस्त्यावरच्या मजुरांच्या टोळीचा म्होरक्या. मी काटोलहून डिप्लोमा करून आलेली, कनिष्ठ अभियंता म्हणून पहिलीच नेमणूक. हुद्द्यानं मी वर होते, पण पहिल्या महिन्यातच कळलं की शिकायचं मलाच आहे. चारचौघांत ते मला 'मॅडम' म्हणत. आम्ही दोघंच असलो की 'पोरी'. हा नियम त्यांनी कधी मोडला नाही, आणि दोन्ही हाका त्यांच्या तोंडी सारख्याच सरळ वाटत.

रस्त्याचा आराखडा करताना आमच्याकडे एक पान भरावं लागतं. रस्त्यात झाडं किती, नाला-ओढा आहे का, विहीर, हातपंप, जमिनीचा उतार, धुळीचा त्रास होईल अशी शाळा किंवा दवाखाना. बहुतेक लोक ते पान कार्यालयात पंख्याखाली बसून भरतात. मुकादम मला पायी फिरवत. एकदा मी भराभर झाडं मोजत चालले होते, तर त्यांनी छत्रीच्या टोकानं मला अडवलं. "झाड मोजू नोको, पोरी. झाडाखाली काय काय हाय, थे लिव." पाहिलं तर खाली एक चांभार बसला होता, त्याच्या मागे हातपंप होता, आणि शाळेची पोरं रिक्षाची वाट बघत सावलीत उभी होती. त्या दिवशी माझं एक पान पुरलं नाही.

बुंध्याला भिडवून काँक्रीट टाकलेलं त्यांना सहन व्हायचं नाही. "हे उभ्या उभ्या उपाशी मरन," असं म्हणून ते स्वतः घण घेऊन बसत आणि झाडाभोवती हातभर माती मोकळी करत. टोळीतल्या बायका त्यांची थट्टा करायच्या, "मुकादम, झाडानं बोलावलं का तुमाले जेवाले?" तेही हसत. पण माती मोकळी झाल्याशिवाय डबा उघडत नसत.

मग तो कळमन्यापलीकडचा रस्ता आला. बाजारात जाणारे धान्याचे आणि संत्र्यांचे ट्रक त्यावरून जात, डांबर पार उखडलं होतं. तिथे सिमेंटचा रस्ता व्हायचा होता, जुन्यापेक्षा दीड फूट उंच. एका अंगाला चढाकडून उतरत आलेली जमीन आणि घरांची ओळ, दुसऱ्या अंगाला खाली नाला. मुकादमांनी बाटली ओतली आणि बराच वेळ उठलेच नाहीत. मग एका कडुनिंबापाशी गेले, गवत बाजूला केलं आणि मला वाकून पाहायला लावलं. रस्त्याखालून पाणी पलीकडे जाण्यासाठी बांधलेली जुनी दगडी मोरी होती ती. गाळानं निम्मी भरलेली, पण आतून गार वारा येत होता.

"नकाशात नाही ही," मी म्हणाले.

"नकाशावाला आला तवा गवत असन," ते म्हणाले. "पोरी, ही मोरी बुजवून वरून दीड फुटाचा रोड टाकला, तर थो रोड नाई रायनार. बांध होईन. इकडचं पानी इकडंच रायनार अन् या घराइत घुसन."

मी निंबापासून मोरीच्या तोंडापर्यंतचं अंतर मोजलं. अकरा फूट. वहीत लिहिलं, कच्च्या फॉर्ममध्येही लिहिलं.

आमच्या साहेबांनी तो कागद वाचला आणि परत माझ्याकडे सरकवला. मोरी दाखवली तर आराखडा बदलावा लागेल, नव्यानं मंजुरी घ्यावी लागेल, वर्ष निघून जाईल. "जी मोरी नकाशात नाही ती नाही," ते शांतपणे म्हणाले. "तू नवी आहेस. स्वच्छ फॉर्म आण." मी माझ्या टेबलाशी येऊन बसले. कोणी मला धमकावलं नव्हतं, कोणी ओरडलंही नव्हतं. मी नवा फॉर्म घेतला, पर्यावरणाच्या पानावर 'निरंक' लिहिलं आणि सही केली.

संध्याकाळी मुकादम व्हरांड्यात भेटले. "लिवलं न मोरीचं?"

"हो," मी म्हणाले.

मे महिन्यात ते निवृत्त झाले. हार, नारळ, छायाचित्र, सगळं झालं. त्याच आठवड्यात त्या रस्त्याचं काम सुरू झालं. काम पाहायला ते आपणहून गेले आणि मोरीच्या तोंडात मुरूम भरला जाताना त्यांनी पाहिला. तिथे मिक्सरच्या गाडीपुढे ते छत्री उघडून उभे राहिले म्हणे. त्यांच्याच टोळीतल्या माणसांनी त्यांना हाताला धरून बाजूला केलं. मग ते दर सोमवारी कार्यालयात मोरी उघडण्याचा अर्ज घेऊन येऊ लागले. ज्या खात्यात हयात काढली त्याच खात्यात अर्जदारांच्या बाकावर बसत. कारकून अर्जावर शिक्का मारायचा आणि त्यांना घरी पाठवायचा. त्यांना पाहिलं की मी मागच्या दारानं साइटवर निघून जायचे. एकदा मात्र समोरासमोर आलो. ते उठून उभे राहिले. "मॅडम, आमच्या कागदाचं काय झालं, पाहता काय जरा?" मी पाहते म्हणाले. पाहण्यासारखं काही नव्हतं, हे मला माहीत होतं.

ऑगस्टमध्ये एका सकाळी ठेकेदाराच्या माणसाचा फोन आला. "मॅडम, तुमचा मुकादम रोड फोडून राहिला. लवकर या." पहाटेपासून पाऊस धो धो कोसळत होता. मी पोचले तेव्हा नवाकोरा रस्ता पाण्याच्या वर उंच उभा होता. त्याच्या डाव्या अंगाला छातीइतकं पाणी, उजव्या अंगाला नुसता ओला उतार. डावीकडच्या घरांची दारं अर्धी बुडालेली. माणसं पोरांना खांद्यावर घेऊन, गाद्या, शिलाई मशीन, पिठाचे डबे डोक्यावर घेऊन रस्त्यावर चढत होती. आणि त्या पाण्यात मुकादम सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन रस्त्याच्या कुशीवर घाव घालत होते. सोबत गल्लीतले दोघं-तिघं. मी वर उभी होते. माझ्या बुटांनाही ते पाणी लागलं नव्हतं.

गढूळ पाण्यात तोंड सापडत नव्हतं. त्यांनी वर पाहिलं, मी दिसले. "मॅडम, निंबापासून किती?"

"अकरा फूट!" मी ओरडले. "मुकादम, अकरा फूट, नाल्याच्या सरळ रेषेत!"

त्यांनी पावलांनी अंतर मोजलं आणि तिथे सब्बल मारली. मुरूम ढासळला, मग दगड सुटले. पलीकडे नाल्याच्या बाजूला आधी चिखलाचा लोंढा आला आणि मग पाण्याचा लोट सुटला. तास-दीड तासात पाणी गुडघ्यावर आलं. कोणी आनंदानं ओरडलं नाही. सगळे आपापल्या दारांकडे बघत होते. तेवढ्यात ओळीतल्या शेवटच्या, जरा चढावरच्या घरातून एक बाई ओरडली, "मुकादम, लवकर या गा! बाई ओली झाली!"

मुकादमांनी सब्बल टाकली आणि पाण्यातून धावत सुटले. मीही उतरले, त्यांच्या मागे गेले. आत चार-चार विटांवर चढवलेली एक खाट होती, आणि खाटेवर त्यांची बायको. दोन वर्षांपासून तिचं डावं अंग लुळं पडलेलं होतं. अंथरूण पाण्यानं जड झालं होतं. ती थरथरत होती आणि उजव्या हातानं पदर सावरायचा प्रयत्न करत होती, कारण परकी बाई घरात आली होती.

ते त्या ओळीत राहतात हे मला माहीत नव्हतं. इतके महिने सोबत काम करून, त्या निंबाखाली उभं राहून, एकदाही त्यांनी सांगितलं नव्हतं.

आठ दिवसांनी ती मेडिकलच्या सरकारी इस्पितळात न्यूमोनियानं गेली. पंधरा दिवसांत मोरीचं तोंड पुन्हा सिमेंटनं बंद झालं. आणि महिनाभरात सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान केल्याची नोटीस मुकादमांच्या नावे निघाली.

तेरवी झाल्यावर मी त्यांच्याकडे गेले. भिंतींवर पाण्याची रेघ तशीच होती. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, "मी लिहिलं नव्हतं, मुकादम. तुम्हाला खोटं सांगितलं."

"मालूम हाय," ते म्हणाले. "त्याच दिवशी समजलं होतं. हो म्हनताना तू खाली पाहून राहिली होती."

"मग तेव्हाच काहून नाही बोललात?" त्यांची बोली माझ्या तोंडी कधी आली, मला कळलं नाही.

त्यांनी भिंतीवरच्या रेघेवर बोट टेकवलं. "माया रिटायरचा कागद साहेबाच्या टेबलावर होता, पोरी. म्या म्हनलं, एकदा थो निंगू दे, मंग बोलतो. मंग बोललो, तं मोरी बुजली होती." त्यांनी चेहऱ्यावरून पंजा फिरवला. "अन् घर हाय म्हून सांगतलं असतं, तं लोक म्हनले असते, सोताच्या घरापायी बोंबलून राहिला. म्हून नाई सांगतलं. तू भेली, मीबी भेलो. थे मात्र खाटेवर होती, तिले भ्याची सोयच नोती."

त्या नोटिशीच्या चौकशीत मी लेखी जबाब दिला. मोरी होती, मुकादमांनी दाखवली होती, मी ती फॉर्ममधून गाळली, असं स्वच्छ लिहिलं. तोवर ते नागपूर सोडून उमरेडकडच्या गावी भावाकडे गेले होते. जबाब देण्याआधी त्याचा मसुदा घेऊन मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी अंगणात बसून तो मला मोठ्यानं वाचायला लावला. 'सुमारे आठ घरांत पाणी शिरले' इथे थांबवलं.

"सुमारे काहून? घरं मी सांगतो, लिव." आणि त्यांनी एकेक घर सांगितलं. शिलाईवालीचं, चक्कीवाल्याचं, दोन भावांचं मधली भिंत असलेलं, नवीन लग्न झालेल्या पोराचं. कोणाच्या घरात किती पाणी होतं, काय वाहून गेलं, तेही. सात घरं झाली आणि ते थांबले.

"आणि तुमचं?" मी विचारलं.

"लिव," ते म्हणाले. "आता लिवाले काही हरकत नाई."

जबाब फायलीत लागला. माझी बदली झाली. नोटीस मागे घेतल्याचं पत्र अजून निघालेलं नाही, आणि मोरी अजून बंदच आहे. मी तीन वेळा लिहिलं आहे. पुन्हा लिहीन. काय होईल, ठाऊक नाही.

मसुदा वाचला त्या दिवशी ते मला सोडायला फाट्यावर आले. गाडीला वेळ होता. रस्त्याकडे बघत ते म्हणाले, "पोरी, तू आता येत नोको जाऊ. तुले पाहिलं का मले ती खाट दिसते." आवाज चढला नव्हता. रागानं बोलले असते तर मला सोसलं असतं. मी मान हलवली. त्यांच्या पायांना हात लावायचा होता, तेही धैर्य झालं नाही.

नागपूरची एस.टी. आली, गच्च भरलेली. त्यांनी हात दाखवून थांबवली. मी पायरीवर चढले, तेव्हा मागून त्यांचा आवाज ऐकू आला. ते कंडक्टरला सांगत होते, "भाऊ, आपली पोरगी हाय. बसाले जागा करून देजो."