साहेबांचं वजन धरून

"आधी हाताला विचारा," असं म्हणून साहेब समोरच्या वस्तूवर उजवा तळवा टेकवायचे आणि डोळे मिटायचे. वस्तू कुठलीही चालायची. सहा आसनी रिक्षाचा दांडा, बँकेचं काउंटर, लग्नाच्या मांडवातला खांब. बघणाऱ्याला वाटायचं, म्हाताऱ्याला चक्कर आली. कुणीतरी पाणी आणायला धावायचं. तेवढ्यात साहेब डोळे उघडून रिक्षावाल्याला सांगायचे, "पुढचं बेअरिंग चाललंय," आणि उतरून चालायला लागायचे.

नोकरी संपली तरी ड्युटीवरून न उतरलेला असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. साहेब भिवपुरीच्या पॉवर हाऊसमध्ये होते. तीस-बत्तीस वर्षं टर्बाइनच्या शेजारी काढलेली. मशीन बिघडायचं असलं की आधी हाताला कळतं, मग कानाला आणि सगळ्यात शेवटी वरच्या ऑफिसला, असं ते म्हणायचे. निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडून कर्जतला दहिवलीत राहायला आले.

माझी त्यांची गाठ कडावच्या भातगिरणीत पडली. माझा धंदा रबराचा. खालापूर फाट्याच्या पुढे पत्र्याची शेड आहे, तीत दोन प्रेस, दोन माणसं आणि मी. आम्ही मशीनखाली घालायचे रबराचे पाय करतो. जनरेटर, कॉम्प्रेसर, गिरणी, जे जे थरथरतं त्याच्याखाली आमचा पाय जातो. थरथर जमिनीत उतरू द्यायची नाही, एवढंच त्याचं काम. त्या दिवशी गिरणीला नवे पाय बसवून मी ऐटीत चहा पीत होतो. साहेब नवा तांदूळ न्यायला आले होते. जाता जाता त्यांनी गिरणीच्या सांगाड्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मागचा डावा मेलाय."

मी म्हटलं, "काका, आत्ताच बसवलाय."

"मग मेलेलाच बसवलाय."

मला राग आला. गिरणी बंद करून पाय काढला, तर आतलं रबर लोखंडापासून सुटलेलं. गिरणीवाल्यासमोर माझी चांगलीच शोभा झाली. साहेब मात्र खूश झाले आणि तेव्हापासून मला 'कारखानदार' म्हणू लागले. माझी शेड पाहिल्यावरही त्यांनी ते नाव बदललं नाही, हा त्यांचा मोठेपणा म्हणा की खवचटपणा.

एक दिवस ते शेडवर येऊन उभे राहिले. म्हणाले, स्पीकरखाली घालायला पाय करून द्या. मला हसू आलं. गाण्याच्या डब्याला कसले पाय? पण साहेब गंभीर होते. ते दुसऱ्या मजल्यावर राहायचे आणि खालच्या घरात एक निवृत्त शिक्षिका राहायच्या. सगळे त्यांना बाई म्हणायचे. साहेबांनी संध्याकाळी गाणं लावलं की बाईंच्या शोकेसमधल्या कपबशा वाजायच्या. बाईंनी दोनदा सांगून पाहिलं, मग सोसायटीकडे अर्ज दिला. सेक्रेटरीनं येऊन बजावलं की धमधम बंद करा, नाहीतर गाणं बंद करा.

मी त्यांच्याकडे गेलो. हॉलमध्ये एक लाकडी खुर्ची आणि कमरेएवढे उंच दोन काळे स्पीकर, बाकी काही नाही. सोफा नाही, सतरंजी नाही, खुर्चीला उशीसुद्धा नाही. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती मुलगी बंगळुरूला. साहेब चपला काढून, दोन्ही पावलं फरशीला नीट चिकटवून बसायचे, शाळेतल्या शहाण्या मुलासारखे. मला वाटलं, गाण्यापुढे पायात काही घालायचं नाही असा यांचा नेम असेल. आपल्याकडे असे नेमवाले खूप. त्यांना पखवाज फार आवडायचा. शिवाय एका गायिकेचं गाणं ते रोज लावायचे आणि त्या गाण्यातही त्यांचा सगळा जीव डग्ग्यावर.

काम वाटलं तेवढं सोपं नव्हतं. रबर नरम झालं तर वजनानं दबून बसतं, कडक झालं तर थरथर सरळ खाली जाते. आम्ही स्पीकर वजनकाट्यावर चढवले. आतली चुंबकं पुढच्या बाजूला, म्हणून पुढे वजन जास्त. पुढचे पाय कडक आणि मागचे नरम करावे लागले. पहिले दोन जोड साहेबांनी नापास केले. तिसरा जोड बसवला, गाणं लावलं, तेव्हा खालून बाईंनी जिन्यात येऊन विचारलं, "अहो, लावलंय ना? एकही कप हलत नाहीये."

साहेब वाकले. खुर्चीजवळच्या फरशीवर त्यांनी हात ठेवला आणि बराच वेळ ठेवला. मग म्हणाले, "उत्तम काम." माझ्या कामाला त्यांनी 'उत्तम' कधी म्हटलं नव्हतं. मी फुगून घरी आलो आणि बायकोला दोनदा सांगितलं.

आठवड्यानं कर्जतला काम निघालं म्हणून वर डोकावलो. दार उघडंच होतं. साहेब त्याच शहाण्या मुलासारखे बसलेले, पखवाज चालू. पण आवाज एकाच बाजूनं येत होता. पाय बसवताना डाव्या स्पीकरची वायर मी काढली होती आणि परत लावताना नीट आवळली नव्हती, ती सुटून पडलेली. मी म्हटलं, "साहेब, डावा बंद हाय." ते हलले नाहीत. मी पुढे जाऊन समोर उभा राहिलो आणि परत सांगितलं.

त्यांनी स्पीकरकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहून विचारलं, "कधीपासून?"

गिरणीचा मेलेला पाय हातानं ओळखणारा माणूस आठ दिवस एका बंद स्पीकरसमोर बसला होता आणि कधीपासून हे मला विचारत होता.

मग त्यांनी सगळं सांगितलं. टर्बाइननं कान केव्हाच खाल्ले होते. समोर बसलेल्या माणसाचं तोंड बघून भागायचं, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. कानाचं यंत्र आणलं होतं, पण त्यातून गाणं पत्र्याच्या डब्यात कोंबल्यासारखं यायचं, म्हणून ते ड्रॉवरमध्ये पडलं. मग गाणं कुठून यायचं? फरशीतून. तळपायातून वर. डग्गा यायचा, पखवाज यायचा, तेवढ्यावर बाकीचं आठवून घ्यायचं. आणि मी येऊन ती वाट बंद केली होती, वर शाबासकीही घेतली होती.

"तुमाला म्हाईत होतं?" मी विचारलं.

"तीस वर्षं तेच काम केलं. माहीत नसेल कसं?"

"मग करायला कशाला लावलंत?"

"बाईंना त्रास होत होता," ते म्हणाले. "तुम्ही थोडं वाईट केलं असतंत, तर थोडं तरी आलं असतं."

बाईंना खरं सांगितलं असतं तर त्या समजल्या असत्या. मी तसं म्हणालोही. पण बाईंना कळलं की सोसायटीला कळणार आणि सोसायटीला कळलं की मुलीला. मुलगी एकट्या बहिऱ्या बापाला इथे ठेवणार नाही, बंगळुरूला बाराव्या मजल्यावर नेऊन ठेवील. "चांगली आहे ती," साहेब म्हणाले, "म्हणून तर नेईल." आणि त्यांनी माझ्याकडून शब्द घेतला की हे कुणाला सांगायचं नाही. मी दिला.

त्या रात्री माझ्या डोक्यात दुसरं काही येईना. सकाळी शेडवर लोखंडी अँगल कापायला घेतले. हॉलच्या मापाची चौकट केली, वर जाड फळ्या मारल्या आणि रबराचे पाय त्या चौकटीखाली बसवले. स्पीकर फळ्यांवर सरळ बोल्टनं आवळले, मध्ये रबर नाही. खुर्चीही त्याच फळ्यांवर. म्हणजे थरथर फळीत राहील, साहेबांच्या पायात जाईल, पण खाली उतरणार नाही. त्यासाठी साहेबांचंही वजन धरावं लागलं. मी त्यांना काट्यावर उभं केलं, तर ते म्हणाले, "मला कुठे बोल्ट मारणार?"

ते चढून बसले. मी पखवाज लावला. त्यांचा चेहरा कसा झाला ते सांगतो. तोंड उघडं राहिलं, खालचा ओठ लोंबला आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते त्यांनी पुसलंही नाही. खालून बाईंची काही तक्रार आली नाही. संध्याकाळी आळूवड्या आल्या.

पुढे दोन वर्षं मी येत-जात राहिलो. खरं तर काम नसायचं, पण त्यांच्याकडे दुसरं कुणी जात नव्हतं. महिन्याभरानं गेलो तर कॅलेंडरवर मागच्या वेळची माझी तारीख गोल केलेली दिसायची आणि त्यानंतर कुठे गोल नसायचा. मी फळीवर एका कडेला बसायचो. त्या गायिकेचं गाणं लागलं की साहेब विचारायचे, "आता बाई काय करतायत?" डग्गा त्यांना कळायचा, आवाज कळायचा नाही. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. मी सांगायचो, "वर गेल्यात."

"किती वर?"

"लई वर, साहेब."

"थांबल्या?"

"नाय. अजून तिथंच हायत."

एवढ्यानं त्यांचं समाधान व्हायचं. आमच्यासारखी गाण्याची बैठक अख्ख्या जिल्ह्यात दुसरी नसेल, एकाला ऐकू येत नाही आणि दुसऱ्याला कळत नाही.

दर खेपेला मी फळीवर लेव्हल ठेवून बघायचो. पाणसळीतला बुडबुडा खुर्चीकडे सरकलेला दिसला, तेव्हा मला वाटलं रबर फुगलं. रबर ठीक होतं, साहेब हलके झाले होते. त्यांच्या बाजूचे पाय बदलून नरम घातले. सहा महिन्यांनी परत बदलले, मग परत. शेवटचं रबर इतकं नरम होतं की मी ते शिलाई मशीनलाही घातलं नसतं. बायको डबा भरून द्यायची, मी समोर बसून खायला लावायचो. ते दोन घास खाऊन बाकीचं झाकून ठेवायचे. मी हातात लेव्हल घेऊन त्या माणसाचं संपणं मोजत होतो आणि त्याला विनोद सांगत होतो.

गेल्या उन्हाळ्यात पनवेलच्या दवाखान्यात तीन दिवस होते आणि तिथेच गेले. मला बाईंनी कळवलं. सगळे विधी झाल्यावर मुलीनं निरोप पाठवला की हॉलमध्ये काहीतरी लाकडी बांधकाम आहे, ते घेऊन जा.

मी नट काढायचे पाने घेऊन गेलो. ती चाळिशीची, वडिलांसारखीच शांत. दारात उभी राहून बघत होती. तिनं विचारलं, हे काय आहे? मी सांगितलं, खाली कपबशा वाजायच्या म्हणून केलं होतं.

"मग खुर्ची का वर आहे?"

इंजिनिअरची मुलगी. मी उगाच एक नट फिरवत राहिलो. शब्द दिला होता, पण तो ज्याला दिला तो आता नव्हता. शेवटी म्हटलं, "ताई, त्यांना ऐकू येत नव्हतं. पायानं ऐकायचे."

"माझ्याशी फोनवर बोलायचे की."

"काय बोलायचे?"

तिनं आठवून सांगितलं. मी बरा आहे. जेवलीस का? इकडे ऊन फार आहे. ठेवतो. सांगताना ती हसत होती. "पावसाळ्यातसुद्धा ऊन फार आहे म्हणायचे. मला वाटायचं, वय झालं." मग तिचं हसू थांबलं. ती फळीच्या कडेवर बसली.

"दोन वर्षांपूर्वी मी त्यांना सांगितलं, बाबा, माझा संसार मोडलाय, मी एकटी राहते," ती म्हणाली. "लिहून कळवायची गोष्ट नव्हती ती. फोन लावायलाच मला चार दिवस लागले. ते म्हणाले, इकडे ऊन फार आहे, ठेवतो. मला वाटलं, त्यांना माझं तोंड बघायचं नाहीये. त्यानंतर मी आलेच नाही."

मी म्हटलं, "त्यांनी शब्द घेतला होता ताई. तुमी घेऊन जाल म्हणून भ्यायचे."

"मी कुठे नेणार होते? मीच आले असते इथे. मला तरी दुसरं कोण होतं?"

मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्ही एक फोन करायला हवा होतात."

करायला हवा होता. तिचा नंबर माझ्याकडे होता. साहेबांनीच चिठ्ठीवर लिहून दिला होता, काही झालं तर कळवा म्हणून. आणि मी दोन वर्षं काही होण्याची वाट बघत बसलो.