सैल मान

त्याला सगळे सावकाश म्हणत. तो एक दाढी उरकेपर्यंत शेजारचा न्हावी तीन डोकी मोकळी करी. हात थरथरत नव्हता, वस्तराही बोथट नव्हता. फक्त मधेच थांबून तो आरशात बघत राही, काहीतरी आठवल्यासारखा. अशाकडे गिऱ्हाइकं किती येणार? दिवसाला सात-आठ, आणि तीही घरी जायची घाई नसलेली.

त्यामुळे मेहुण्याने रस्त्यावरच्या सहा न्हाव्यांचं एक मंडळ काढलं, तेव्हा सगळ्यात जास्त फायदा सावकाशचाच होता. एक मोठा गाळा, लांब आरसा, सहा खुर्च्या. दारात पितळी बिल्ले. गिऱ्हाइकाने न बघता एक उचलायचा, हाताला जो आकडा लागेल त्या खुर्चीत बसायचं, कमाई सगळ्यांना सारखी. महिनाभर करून बघायचं, मग कागदावर सह्या. पाच झाल्या होत्या, सावकाशची तेवढी राहिली होती.

"भावजी, घोडं अडलंय कुठे?" मेहुणा घरी येऊन म्हणाला. "कुणी लहान नाही, कुणी मोठा नाही. माझी भरली खुर्ची मी सगळ्यांत वाटली की नाही?"

वाटली होती. मेहुणा सगळ्यांत तरबेज, आणि मनानेही मोठा. अशा माणसाला उत्तर काय द्यायचं?

"माना कडक झाल्यात रे," सावकाश म्हणाला.

"कुणाच्या?"

"गिऱ्हाइकांच्या."

मेहुण्याने आपल्या बहिणीकडे, सावकाशच्या बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "माझ्याकडे काय बघतोस? मी वीस वर्षं हेच ऐकतेय."

पण सावकाश उगाच बोलत नव्हता. पूर्वी माणूस दार ढकलून आत यायचा, डोकं मागे टाकायचा आणि बिनबोभाट गळा त्याच्या हवाली करायचा. आता रोज वीस जण बसत आणि विसांच्याही माना ताठ. डोळे आरशातून तिसऱ्या खुर्चीकडे, मेहुण्याच्या. कुणाचं वाईट झालं नव्हतं, घरात चार पैसे जास्तच येत होते. मग स्वतःचाच वस्तरा हातात चोरीचा का वाटावा? आपण मूर्ख आहोत की कृतघ्न, हेच त्याला ठरवता येईना.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी सहीचा कागद त्याच्यासमोर पावडरच्या डब्याखाली ठेवला होता. चारचा बिल्ला घेऊन पोस्टमन बसला. सावकाशने फेस लावला.

"मान सैल सोडा."

"सोडलीय की."

"नाही सोडलीत. तुम्हाला कुणाकडे बसायचं होतं?"

पोस्टमन ओशाळला. "खरं सांगू? तिसऱ्याकडे. नऊ वर्षं त्यांच्याकडेच बसतोय. पण चारचा निघाला. चालवा आता."

सावकाशने त्याच्या गळ्याभोवतीचं कापड सोडलं. "मग जा तिकडे."

पोस्टमन तसाच फेसाळल्या तोंडाने नुकत्याच रिकाम्या झालेल्या तिसऱ्या खुर्चीत जाऊन बसला, आणि कुणी न सांगता त्याची मान मागे पडली. सावकाशने ते आरशात पाहिलं. वाईट वाटलं आणि त्याच क्षणी हलकंही. हे दोन्ही एकदम कसं होतं?

"आज हा उठला, उद्या सगळे उठतील," मेहुणा वस्तरा थांबवून म्हणाला. "खाणार काय, भावजी?"

"माहीत नाही."

"मग हे कशासाठी?"

"तो गेला, पण स्वतःच्या मनाने गेला ना. उद्या कुणी माझ्याकडे आलाच, तर तोही..." सही न करताच कागद त्याने मेहुण्याच्या हातात दिला.

जुन्या दुकानाची किल्ली अजून त्याच्याकडेच होती. दुसऱ्या दिवशी त्याने खुर्ची पुसली आणि बसून राहिला. दुपारी बायको डबा घेऊन आली.

"आलं का कुणी?"

"नाही."

"एकही नाही?"

"एकही नाही. पण कुणाला अडवलेलं नाही, बघ."

"म्हणजे काय हो?"

"तेच समजत नाहीये."

ती उन्हातून चालून दमली होती. रिकाम्या खुर्चीत बसली आणि डोळे मिटले. तिची मान ताठ आहे की सैल, हे आरशात बघायचं धाडस काही त्याला झालं नाही.