जुन्या ब्राउझरात राहिलेले पासवर्ड

त्या सालच्या पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीचा, विषय निघाला, की मला पोलीस ठाण्याच्या बाकावर बसलेले चाचा दिसतात.

मी तेव्हा चिखलीत ठाणेदार होतो. बीटी कपाशीची बोंडं अळीने पोखरली होती. नुकसानीचे अर्ज ऑनलाइन भरायला बाजारातल्या एका सेंटरवर रांग लागायची. ते चालवणारे चाचा पूर्वी टायपिंग शिकवायचे. तालुक्यातल्या निम्म्या कारकुनांची बोटं त्यांनीच वळवली होती.

एके सकाळी एक विधवा शेतकरी बाई ठाण्यात आली. तिचा अर्ज कुणीतरी परस्पर रद्द केला होता. नवा भरायला दोनच दिवस उरले होते आणि जुना कुणी रद्द केला याचा निकाल लागल्याशिवाय तहसील कचेरी नवा घेत नव्हती. आमच्या खबऱ्याने लगेच कान भरले, "साहेब, साऱ्या गावाचे पासवर्ड चाचापाशी हायेत."

मी चाचांना बोलावलं आणि भर दुपारी बाकावर बसवलं. येणारेजाणारे बघत होते. माझा आवाजही चढला होता, हे कबूल करतो.

"पासवर्ड तुमच्याकडे कशाला?"

"लोकंच म्हनतात, चाचा, तुमीच ठेवा, आमच्या ध्यानात राहत नाही. मी कायले कोनाचा अर्ज रद्द करीन, साहेब?"

चाचांचा जबाब घेऊन मी ठाण्याची लिखापढी बघणाऱ्या रायटर हवालदाराला घेऊन सेंटरवर गेलो. नव्या ब्राउझरात अर्जांची साइट कोरी दिसायची, म्हणून चाचांनी तिच्यासाठी जुना तसाच ठेवला होता. त्याचे अपडेट कधीच बंद झाले होते. हवालदाराने नावाच्या रकान्यावर नुसतं क्लिक केलं, तर मोबाइल नंबरांची यादीच उघडली. एक निवडला, आणि पासवर्ड आपोआप भरला गेला! म्हणजे त्या खुर्चीवर बसणारा कुणीही हे करू शकत होता. मी स्वतःवरच चिडलो. आमच्या ठाण्यातही नव्या ब्राउझरशी झटापट करून आम्ही जुन्यावरच परतलो होतो, आणि पासवर्डची चिठ्ठी मॉनिटरलाच चिकटवलेली होती.

चाचांचं रजिस्टर मात्र चोख होतं. प्रत्येक गिऱ्हाइकाचं नाव, वेळ, सही. अर्ज रद्द झाला त्या वेळेसमोर बाईच्या दिराची सही होती. सातबाऱ्याची प्रिंट काढायला म्हणून तो बसला होता. त्याला ठाण्यात बोलावून समोर रजिस्टर ठेवताच तो खाली बघू लागला.

"वावर आमच्या बापाचं हाय, साहेब. तिच्या नावानं अर्ज काऊन?"

आमचं पत्र घेऊन बाई कचेरीत गेली आणि शेवटच्या दिवशी तिचा अर्ज पुन्हा दाखल झाला. पण चाचांच्या सेंटरपुढची रांग तुटली होती. ती माझ्यामुळे तुटली. सराईत चोर ओळखणारा मी, भरवशाचा माणूस ओळखायला चुकलो. याची बोच अजून आहे.

आठवड्याने ऐन बाजाराच्या दिवशी, वर्दीतच, मुलीचा कॉलेजचा फॉर्म भरायला मी चाचांकडे गेलो. लोक थबकून बघत होते. मला तेच हवं होतं. सगळ्यांना ऐकू जाईल असं मी मोठ्याने म्हणालो, "चाचा, पासवर्ड लिहून घ्या."

चाचांनी की-बोर्ड माझ्याकडे सरकवला आणि तोंड भिंतीकडे केलं.

"तुमीच टाका, साहेब. आता मी कोनाचाच पाहत नाही."